मदत हवी आहे: मुंबईत बीएस्सी, पण शनिवार सोडून

मांडवा_जेट्टी:
मुलीची बारावी झाली. अलिबागहून मुंबईला पाठवायचीय. शनिवारी सुट्टी असणारं कॉलेज सांगा. एका ठिकाणी विचारलं तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "उपास असेल तर उपास करून या." फॉर्मची मुदत परवा संपतेय. 'बघा, मिळेल' असलं लिहू नका.

ठाणेकर_७७:
विषय कुठला? राहणार कुठे? शनिवारीच का?

मांडवा_जेट्टी:
मायक्रोबायोलॉजी. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू आहोत. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत शाब्बाथ असतो, त्यात काम चालत नाही. नावावरून कळायला हवं होतं.

ठाणेकर_७७:
'मांडवा जेट्टी' वरून फक्त लाँच कळते, ताई.

फोर्टचा_पोपट:
झेवियर्स बघा. अल्पसंख्याक कोटा आहे.

तेलघाणा:
तो कोटा ख्रिस्ती मुलांचा. राज्याने आपल्याला २०१६ साली अल्पसंख्याक दर्जा दिला खरा, पण ज्यूंचं डिग्री कॉलेज मुंबईत कुठंय? केंद्राच्या यादीतले समाज सहा, त्यात आपण नाही. दाखल्याचा उपयोग महाडीबीटीवरच्या राज्य शिष्यवृत्तीपुरता. तो मात्र काढाच.

अश्दोदहून:
कशाला एवढी यातायात? इकडे इस्रायलला पाठवा. शनिवारी अख्खा देश बंद. उल्पानमध्ये हिब्रू शिकेल, सायकोमेट्रिक प्रवेशपरीक्षा देईल.

तेलघाणा:
भाऊ, बाईंना परवाचा फॉर्म भरायचाय. तुम्ही विमानात बसवताय!

माजी_लॅबवाली:
कॉलेज शोधू नका, बॅच शोधा. प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडतात. बॅचची यादी लागण्याआधी विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या, सोबत सिनेगॉगचं, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळाचं पत्र. यादी लागली की कुणी हलवत नाही. हजेरी ७५ टक्के लागते, दर शनिवारी दांडी मारून भागायचं नाही. आणि शुक्रवार दुपारची बॅचही नको. डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो, लॅबमधून सुटेपर्यंत शाब्बाथचे दिवे लावायची वेळ टळलेली असते. माझी टळायची.

फोर्टचा_पोपट:
काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी आहे. मागे बाग, वाचायला छान.

ठाणेकर_७७:
लायब्ररी कोणी विचारली? ताई, शाब्बाथला गाडीत बसणार का? नसेल तर चालत जाता येईल अशी मशीद हवी, म्हणजे आपलं सिनेगॉग. फोर्टला केनेसेथ एलियाहू, आग्रीपाड्याला मागेन हसीदीम, मांडवीला आपली १७९६ची जुनी मशीद. आमच्या ठाण्यालाही आहे, पण मग रोज लोकल.

अश्दोदहून:
आणि होस्टेलच्या जेवणाचं? कोशेर, म्हणजे आपल्या धर्माच्या नियमांत बसणारं, मिळेल?

माजी_लॅबवाली:
शाकाहारी मेस लावायची. मी तीन वर्षं तेच केलं. घरी गेलं की नारळाच्या रसातलं मटण.

तेलघाणा:
आपले पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनिवार तेली'. त्यांना ७५ टक्के हजेरी नव्हती. आपल्यातल्या डॉक्टर जेरुशा झिराड ग्रँट मेडिकलला शिकल्या, त्यांनी शनिवारी काय केलं असेल?

मांडवा_जेट्टी:
विषयावर या हो. अर्ज विभागप्रमुखांना की प्राचार्यांना?

माजी_लॅबवाली:
दोघांना. पोच घ्या. बॅच बदलली नाही तर मुलीची तयारी काय आहे?

मांडवा_जेट्टी:
ती म्हणते, "आई, तू फॉर्म भर, शनिवारचं माझं मी बघते." हट्ट सासूबाईंचा आहे.

ठाणेकर_७७:
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

फोर्टचा_पोपट:
नारळाच्या रसावरून आठवलं, गव्हाच्या चिकाच्या हलव्याला नारळ किती लागतात?