मुलीकडे इर्वाइनला चाललोय, गाडी चालवायची नाही: समुद्रकिनारा कसा पाहावा?

प्रेषक: नंदा, कारेलीबाग, वडोदरा

मंडळातल्या सर्वांना सप्रेम नमस्कार.

मेच्या मध्यावर आम्ही दोघं मुलीकडे कॅलिफोर्नियात इर्वाइनला निघतोय. मुलगी-जावई दोघंही नोकरीला, नातू शाळेत. मागच्या खेपेला "आई, शनिवारी नेते" असं ती मनापासून म्हणायची. पण शनिवार आला की आठवड्याचा किराणा, कपडे, नातवाचा पोहण्याचा क्लास. पोरगी दमलेली दिसायची, मग आम्हीच म्हणायचो, राहू दे. समुद्र एवढा जवळ असून आम्ही दिवसभर हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून होतो.

ह्यांची सत्तरी झाली, मी अडुसष्टची. परदेशात स्टिअरिंग हातात घ्यायची आमची इच्छा नाही. इथे तिथलच्या समुद्रावर जायचं तर आम्ही वलसाडपर्यंत रेल्वेने जातो आणि पुढे रिक्षा करतो. असं काही तिकडे जमतं का? यादीवर कॅलिफोर्नियातली मंडळी आहेत म्हणून विचारते. मुलीवर अवलंबून न राहता, आठवड्यातल्या मधल्या वारी बाहेर पडता आलं तर फार बरं होईल.

नंदा

प्रेषक: मकरंद, सॅन डिएगो (मूळचा दांडिया बाजारचा)

काकू, नमस्कार. जमतं, आणि छान जमतं. तुमचं वलसाड-तिथलचं सूत्र इथेही तसंच लागू होतं.

पहिली गोष्ट म्हणजे इर्वाइन रेल्वेच्या वाटेवरच आहे. सॅन डिएगोहून लॉस एंजेलिस, सान्ता बार्बरा करत सॅन लुईस ओबिस्पोपर्यंत पॅसिफिक सर्फलाइनर नावाची गाडी धावते. सगळा मार्ग ३५१ मैलांचा, म्हणजे साधारण ५६५ किलोमीटर. ती इर्वाइनला थांबते. त्याशिवाय मेट्रोलिंकच्या लोकल गाड्याही त्याच स्टेशनवर येतात. मुलीने ऑफिसला जाताना स्टेशनवर सोडलं किंवा उबर केली की पुढचा दिवस तुमचा.

इथे येणारी आपली मंडळी आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करतात आणि मग तिथे पोचायचं कसं ते शोधत बसतात. रेल्वे तिथे जात नाही हे कळलं की "गाडीशिवाय इथे काही नाही" असं म्हणून घरी बसतात. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. नकाशावर रुळांची रेघ धरा आणि कुठल्या स्टेशनवरून समुद्र चालत गाठता येतो ते पाहा. अशी स्टेशनं इथे भरपूर आहेत.

सर्वांत आधी सॅन वान कॅपिस्ट्रानो. इर्वाइनहून अर्ध्या तासाच्या आत पोचाल. इथे समुद्र नाही, पण पहिल्या सफरीला हेच गाव घ्या, कारण इथे टॅक्सी लागतच नाही. १७७६ साली स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेलं मिशन स्टेशनपासून चार पावलांवर आहे. पडकं दगडी चर्च, बागा, कमानी, निवांत दोन तास जातात. रूळ ओलांडले की लोस रिओस ही कॅलिफोर्नियातल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक. छोटी जुनी घरं, त्यात चहा-कॉफीची दुकानं. तिकीट काढणं, फलाट ओळखणं, परतीची गाडी पकडणं यांची सवय इथे होऊन जाते.

पुढे दक्षिणेला गाडी सॅन क्लेमेंटेजवळ किनाऱ्याला लागते. उजवीकडची खिडकी धरा. रूळ आणि लाटा यांच्यात काही ठिकाणी नुसती वाळूची पट्टी उरते. उत्तरेकडे परतताना समुद्र डावीकडे. सॅन क्लेमेंटेच्या धक्क्याशी एक स्टेशन थेट वाळूवर आहे, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. वेळापत्रक नीट पाहूनच तिथे उतरायचं ठरवा.

याच टापूत एक अडचण आहे. २०२१ पासून सॅन क्लेमेंटेचे कडे रुळांवर सरकतायत. २०२२ च्या सप्टेंबरअखेर बंद झालेली वाहतूक काही महिने सुरळीत नव्हती, आणि नंतरही मार्ग अधूनमधून बंद पडला. अशा वेळी काही वेळा मधल्या टप्प्यासाठी बस देतात. म्हणून निघायच्या आदल्या रात्री सर्फलाइनरच्या संकेतस्थळावरची सूचना वाचल्याशिवाय झोपू नका.

ओशनसाइडला उतरलात की कोस्टर नावाची दुसरी गाडी मिळते. ती ओशनसाइड ते सॅन डिएगो अशी ४१ मैल जाते आणि मधल्या छोट्या गावांना थांबते. माझ्या मते किनाऱ्याचं खरं सुख या छोट्या गावांत आहे. कार्ल्सबाड व्हिलेजला स्टेशनपासून काही गल्ल्या ओलांडल्या की समुद्राच्या कडेने बांधलेली लांब पायवाट लागते. बाकं आहेत, चढउतार फारसा नाही. सोलाना बीचला तर स्टेशनातून बाहेर पडून सरळ पश्चिमेला चालत गेलं की फ्लेचर कोव्ह.

पण काकू, तुम्ही एन्सिनिटास चुकवू नका. परमहंस योगानंदांचा आश्रम इथे समुद्रावरच्या कड्यावर आहे. त्याची ध्यानबाग सर्वांना खुली असते, पैसे लागत नाहीत. फक्त बंद असण्याचा वार आधी बघून घ्या. आत लहान तळी, त्यांत मासे, झाडांतून वर जाणारी वाट, आणि वाट संपते तिथे खाली पूर्ण पॅसिफिक पसरलेला. शेजारच्या किनाऱ्याला लोक स्वामीज म्हणतात, ते योगानंदांवरूनच. जगभरचे लाटांवर स्वार होणारे तरुण हे नाव घेतात आणि त्यातल्या कित्येकांना ते कुणाचं हे ठाऊक नसतं. आमचे आईबाबा आले की त्यांचा पहिला हट्ट इथलाच असतो. स्टेशनपासून साधारण किलोमीटरभर अंतर आहे. चालवत नसेल तर टॅक्सी दोन-चार मिनिटांत सोडते.

टॅक्सीचा नियम मी असा पाळतो: लांबचा पल्ला रुळांवर, शेवटचे दोन-चार मैल चाकांवर. इर्वाइनहून सॅन डिएगोच्या ला होया भागापर्यंत थेट उबर केली तर खिसा रिकामा होईल. त्याऐवजी सॅन डिएगोपर्यंत रेल्वेने या, ओल्ड टाऊन स्टेशनला ट्रॉलीची, म्हणजे शहरातल्या लोकल रेल्वेची, ब्लू लाइनची गाडी पकडा आणि युटीसी स्टेशनपर्यंत जा. हा फाटा २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. तिथून ला होया कोव्ह टॅक्सीला जवळ आहे, सीलायन खडकांवर पडलेले दिसतील. सॅन डिएगोचं सांता फे डेपो हे १९१५ चं स्टेशन पाहण्यासारखं आहे, तिथून खाडीपलीकडच्या कोरोनाडोच्या फेरीबोटीचा धक्का चालत जाण्याइतका जवळ. सॅन डिएगोबद्दल एवढंच पुरे, इथे आलात की मी आहेच.

लगूना बीचला रेल्वे नाही. पण ते इर्वाइनहून जवळ आहे, तेवढी एक थेट टॅक्सी करा. उन्हाळ्यात गावातल्या गावात फुकट बस फिरते.

आता हवामान. तुम्ही मेच्या मध्यावर येताय. इथे मे-जूनमध्ये सकाळी किनाऱ्यावर ढगांची दाट राखाडी चादर असते. समुद्राचं पाणी थंड, वरची हवा उबदार, त्यामुळे ढग खालीच अडकून राहतात. दुपारपर्यंत बहुधा ऊन पडतं, कधी दिवसभर पडतही नाही. म्हणून पहाटेची गाडी धरण्याचा आपला स्वभाव इथे सोडा, दहाच्या सुमारास निघा. आणि अंगावर स्वेटर हवाच. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, असं समजून आलेली आपली माणसं किनाऱ्यावर कुडकुडताना मी पाहिली आहेत. मुक्काम लांबवता आला तर सप्टेंबर-ऑक्टोबर सर्वांत सुंदर.

मकरंद

प्रेषक: वसंत, रावपुरा

मकरंदने सविस्तर लिहिलंय, त्याचं कौतुक. तरी माझं मत वेगळं आहे. सत्तरीच्या माणसांनी परक्या देशात फोनच्या भरवशावर फिरू नये. नंदाताई, शनिवारी मुलीबरोबर जा, उशीर झाला तरी चालेल.

एक अनुभव सांगतो. माझं इथल्या बँकेचं कार्ड टॅक्सीच्या अ‍ॅपने घेतलं नाही. आम्ही दोघं समुद्रकाठी उभे, अंधार पडायला आलेला, आणि मुलगा मीटिंगमध्ये. यूपीआय तर तिकडे गृहीतच धरू नका.

वसंत

प्रेषक: शुभदा, अलकापुरी

वसंतराव, तुमची काळजी रास्त आहे, पण त्यावर उपाय घरी बसणं नाही. मी सासूबाईंना घेऊन याच मार्गावर फिरले आहे आणि त्यांचे दोन्ही गुडघे दुखरे होते.

नंदाताई, टॅक्सीचं असं करा. मुलीला तिच्या खात्यात तुम्हाला कुटुंबातल्या व्यक्ती म्हणून जोडायला सांगा. पैसे तिच्या कार्डावरून जातात, तुम्ही कुठे आहात ते तिला तिच्या फोनवर दिसतं. किंवा ऑफिसात बसून तीच तुमच्यासाठी गाडी मागवू शकते. इथे वडोदऱ्यात असताना अ‍ॅप वापरून सराव करून जा, तिकडे बटणं तीच असतात. गाडीत बसण्याआधी नंबरप्लेट जुळवा. "नंदा?" असं ड्रायव्हरने विचारण्याची वाट न पाहता तुम्हीच त्याला विचारा, कुणाला न्यायला आलात. मागे बसा, पट्टा लावा. तिकडचं सिमकार्ड पहिल्याच दिवशी घ्या. आणि मुलीचा पत्ता व फोन कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, फोन बंद पडला तर तोच कामी येतो.

वसंतरावांवर आली तशी वेळ येऊ नये म्हणून एक पथ्य पाळा. वस्ती संपते अशा कड्यावर किंवा टोकाच्या उद्यानात संध्याकाळी टॅक्सीने जाऊ नका. जाताना गाडी मिळते, येताना ती तिथवर यायला वेळ लागतो. सूर्यास्त बघायचा तर स्टेशनच्या गावातला बघा, कार्ल्सबाड किंवा ओशनसाइड. तिथे दुकानं असतात, माणसं असतात. शेवटची गाडी किती वाजता आहे ते मात्र डोक्यात पक्कं हवं.

गुडघ्यांचं. सर्फलाइनरचे डबे बहुतेक दुमजली असतात. दृश्य वरून चांगलं, पण जिना अरुंद आणि वळणाचा. वयस्कांसाठी खालच्या मजल्यावर जागा असतात, स्वच्छतागृहही खालीच. सासूबाई खाली बसल्या, खिडकीतून समुद्र त्यांनाही दिसला. ६५ वर्षांवरच्यांना तिकिटात १० टक्के सवलत आहे, तुम्हा दोघांनाही मिळेल. ट्रॉलीवर ज्येष्ठांचं भाडं निम्मं असतं. कोस्टर आणि ट्रॉलीला चढण्याआधी फलाटावरच तिकिटाचं कार्ड यंत्रावर टेकवायचं असतं, आत जाऊन नाही.

खाण्याची काळजी नको. गाडीत कॅफे असतो, पण आपल्या जिभेला तिथे फार काही नाही. थेपले आणि लीलो चिवडो बरोबर ठेवा, डब्यात बसून खायला कुणी हरकत घेत नाही.

आणि एक रात्र बाहेर राहायची तयारी असेल तर सान्ता बार्बरा. इर्वाइनहून गाडी न बदलता चारेक तास. तिथलं स्टेशन १९०२ चं, बाहेर पडलं की एका हाताला बाजारपेठेचा रस्ता, दुसऱ्या हाताला १८७२ चा लाकडी धक्का. स्टेशनजवळ हॉटेल घेतलं तर टॅक्सी फक्त तिथल्या जुन्या मिशनसाठी लागेल. तिथल्या न्यायालयाच्या मनोऱ्यावर लिफ्टने जाता येतं, वरून लाल कौलांचं सारं गाव आणि समुद्र दिसतो.

तिथून पुढे सॅन लुईस ओबिस्पोकडे गाडी जाते तो पट्टा मला सर्वांत आवडला. खासगी कुरणं आणि व्हँडेनबर्गचा लष्करी तळ यांमुळे किनाऱ्याचा हा मोठा भाग रस्त्याने जाणाऱ्यांना दिसतच नाही. मोटारी आत डोंगरामागून जातात, रेल्वे मात्र कड्याच्या काठाने. वसंतराव, शनिवारी कुणी कितीही चांगल्या गाडीतून नेलं तरी तो समुद्र दाखवता येणार नाही. तो तिकीट काढून खिडकीशी बसणाऱ्यालाच दिसतो.

शुभदा

प्रेषक: वसंत, रावपुरा

शुभदाताई, कुटुंबाच्या खात्याची सोय मला माहीत नव्हती. मुलाला आजच विचारतो. नंदाताईंना एकच सांगणं, पहिल्या दोन सफरी दिवसाउजेडी संपवा.

वसंत

प्रेषक: नंदा, कारेलीबाग

सर्वांचे मनापासून आभार. ह्यांनी नकाशाची प्रत काढून स्टेशनांवर खुणा केल्यात. एन्सिनिटासचा बेत पक्का. ह्यांच्या वडिलांनी योगानंदांचा फोटो देवघरात ठेवला होता, तो अजून आहे.

शेवटचं विचारते. जूनमध्ये नातवाची शाळा सुटेल. तो सहा वर्षांचा आहे. त्याला बरोबर घेतलं तर चालेल ना?

नंदा

प्रेषक: शुभदा, अलकापुरी

अवश्य न्या, पण टॅक्सीपुरतं सांभाळा. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलाला मोटारीत त्याच्या वयाच्या खास खुर्चीवरच बसवावं लागतं, आणि हे टॅक्सीलाही लागू आहे. ड्रायव्हरकडे ती नसते, आणि ती नसली तर तो नकार देतो. सहा वर्षांच्या मुलाला बहुधा बूस्टर म्हणजे पाठ नसलेली उंच बैठक चालते, हलकी असते, मुलीकडे असेलच. दिवसभर काखोटीला मारून फिरायची तयारी ठेवा.

रेल्वेला असं काही लागत नाही, आणि २ ते १२ वर्षांच्या मुलांना सर्फलाइनरचं तिकीट निम्मं आहे. म्हणून नातू असेल त्या दिवशी टॅक्सी लागणारच नाही अशी गावं निवडा: सॅन वान कॅपिस्ट्रानो, कार्ल्सबाड, सोलाना बीच. कॅपिस्ट्रानोला रुळांपलीकडे मुलांना शेळ्या-ससे हाताळता येतील असं आवार आहे, तिथून त्याला बाहेर काढायला तुम्हाला परतीच्या गाडीची वेळ सांगावी लागेल. पाण्यात खेळू द्या, पण जूनमध्येही तिथलं पाणी खूप गार असतं. टॉवेल आणि कोरड्या कपड्यांचे दोन जोड घ्या.

शुभदा