दादर दोन मार्गांवर, मग टेबल कसं करायचं?

प्रश्न: लोकलचा डेटाबेस करतोय. स्टेशन टेबलात 'मार्ग' कॉलम आहे. दादर पश्चिम आणि मध्य दोन्हीवर येतं. स्वल्पविराम देऊन लिहू का?

उत्तर १: नको, पहिला नॉर्मल फॉर्म (एका रकान्यात एकच मूल्य, हा नियम) तिथेच मोडतो. शिवाय इंडेक्स (पटकन शोधायची सूची) धड वापरता येत नाही. तिसरं टेबल करा: मार्ग_आयडी, स्टेशन_आयडी या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम), दोन्ही मिळून प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख).

उत्तर २: स्टेशनचा क्रमही त्याच टेबलात. चर्चगेटपासून दादर ९वं, सीएसएमटीपासून ८वं. म्हणजे क्रम एकट्या स्टेशनचा गुणधर्म नाहीच. मार्ग आणि क्रम मिळून युनिक ठेवा, म्हणजे तीच जोडी दोनदा येणार नाही. १०, २० असे अंतर सोडून आकडे द्या. २०१६ला राम मंदिर स्टेशन मध्येच आलं, तसं पुन्हा होईल.

उत्तर ३: आणि नावाला की करू नका हो! एल्फिन्स्टन रोडचं २०१८ला प्रभादेवी झालं.

प्रश्नकर्ता: पटलं, आयडीच घेतो.