'जिया'मधलं डुक्कर अर्थाचं की उच्चाराचं?

मूळ मुद्दा
चिनी 'जिया' म्हणजे घर, कुटुंब. अक्षरात वर छप्पर, 3 रेघांचं. खाली डुक्कर, 7 रेघांचं. डुक्कर पाळणारा माणूस एका जागी स्थिरावतो, त्यावरून घर. चिनी अभ्यासक दुआन यूत्साय यानेही शू शेनच्या प्राचीन कोशावर 1815 साली छापलेल्या भाष्यात मूळ अर्थ 'डुकरांची खोपी' असाच धरला आहे. माणसाचं घर नंतरचं. 'लाओ' हे अक्षरही आधी गुरांचा गोठा होतं, मग तुरुंग झालं.

प्रतिसाद
साफ असहमत. खुद्द शू शेनने इ.स. 100च्या सुमाराच्या त्या कोशात स्पष्ट लिहिलंय: छप्पर अर्थासाठी, डुक्कर उच्चारासाठी. नर डुकरासाठीच्या जुन्या अक्षराचा उच्चारही 'जिया'च, इथे त्याचं आखूड रूप आलंय. दुआनला हे पटलं नाही, पण चीनमधल्या आन्यांगची, जुनी अक्षरं कोरलेली, कौल लावायची हाडं त्याने पाहिलीच नव्हती. ती अभ्यासकांच्या नजरेत आली 1899 साली. त्यांवरच्या काही 'जियां'त डुकराच्या पोटाखाली लहानशी रेघ आहे, म्हणजे नर. खोपीच दाखवायची तर नर मुद्दाम कशाला कोरायचा? आणि खोपीला वेगळं अक्षर होतंच की: चौकटीत डुक्कर, 'हुन'.

मूळ मुद्देकर्ता
सगळ्या रूपांत ती रेघ नाही. शिवाय आजचं खालचं अक्षर सुटं वाचलं तर 'शि', आणि बोलीत डुक्कर म्हणजे 'झू'. शिकणाऱ्याला यातून 'जिया' कसं ऐकू येणार? डुकराची गोष्ट निदान हाताला वळण लावते.

प्रतिसाद
आठवणीची खूण म्हणून खुशाल सांगा, व्युत्पत्ती म्हणून नको. तोटा पुढे होतो. स्त्री + जिया म्हणजे मुलीने लग्न करून जाणं, धान्य + जिया म्हणजे पेरणी. दोन्हींचा उच्चार 'जिया', फक्त सूर (टोन) चौथा, खाली उतरणारा. पहिल्यात घराचा अर्थही बसतो, मान्य. पण पेरणीत घर शोधणारा फसतो, आणि उच्चार हातात असूनही शब्दकोश उघडतो.

आणखी एक प्रतिसाद
हाडांवरच्या काही लेखांत 'जिया' पूर्वजांच्या पूजास्थानासाठी येतो, त्यामुळे बळीचं डुक्कर हाही अर्थ काहीजण लावतात. मला मात्र शू शेनचंच पटतं. लिहिताना छपरावरचा ठिपका सांभाळा. तो वरून काढून खाली डुकराला दिलात, तर रेघा 10च राहतात आणि अक्षर होतं 'झोंग', म्हणजे थडगं.