१ मे नक्की कुणाचा?

काळाचौकी:
दिनविशेष यांनी काल लिहिलं, "१ मे हा महाराष्ट्र दिन. त्याला 'आणि कामगार दिन' ही शेपटी जोडणं आता बंद करा. १८८६ साली शिकागोत संप झाला, त्याचं आपल्याला काय? दोन दिवस एका तारखेला आले, निव्वळ योगायोग." त्यावर पन्नासेक लोकांनी माना डोलावल्या. रात्री वाचलं, सकाळी चहा गार झाला तरी डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

माझे वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर, होते. १ मेला आई त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर एकाच टाचणीनं दोन फिती लावायची, एक तिरंगी आणि एक लाल. आधी चाळीच्या चौकात झेंडावंदन, मग तिथूनच मोर्चा. यातली कुठली फीत शेपटी, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनवर गोळ्या खाल्ल्या त्या कुणी? १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली, त्यानंतर गिरणगावातल्या गल्ल्यांत कोण पडलं? हुतात्मा चौकात जाऊन एकदा मान वर करून बघा. मशाल धरून दोघं उभे आहेत, एक शेतकरी आणि एक कामगार. मंत्री नाही की वकील नाही.

आणि शिकागोचं म्हणून परकं म्हणाल, तर गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे कुठले होते? गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला. युरोपात पहिला मे दिन पाळला गेला, तो त्याच वर्षी. आपण त्यांच्या मागून चालत नव्हतो.

दिनविशेष:
वडिलांबद्दल आदर आहे ताई, पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. मुंबई पुनर्रचना कायदा उघडून बघा. 'नियत दिवस' म्हणजे १ मे १९६०, एवढंच लिहिलंय. का, ते नाही. त्या काळी राज्यं बहुधा महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू व्हायची. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं, १ डिसेंबर १९६३ ला नागालँड, १ नोव्हेंबर १९६६ ला हरियाणा. खजिना वेगळा करायला, पगार काढायला, हिशेबाला सोपं पडतं. आणि त्याच कायद्यानं त्याच दिवशी गुजरातही झालं. तेही कामगारांसाठी म्हणायचं का?

काळाचौकी:
तारीख कुणी काढली यावर मी भांडतच नाहीये. तुम्ही 'निव्वळ योगायोग' म्हणालात, भांडण त्यावर आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी लढलेल्या समितीत अत्रे होते, एसेम जोशी होते, तसे कामगार पुढारी डांगेही होते. गिरण्या बंद पडल्या की मुंबई बंद पडायची. ते बळ बाजूला काढा आणि समिती कशाच्या जोरावर उभी होती ते सांगा.

रावपुरा:
बडोद्याहून लिहितोय. दर १ मेला इथं आम्हा मराठी माणसांची पंचाईत होते. सकाळी शेजारी गुजरात स्थापना दिनाच्या शुभेच्छा देतो, दुपारी पुण्याहून आत्याचा फोन येतो. आणि 'गुजरातही झालं' असं चार शब्दांत उरकू नका. ८ ऑगस्ट १९५६ ला अहमदाबादेत काँग्रेस हाउससमोर गोळीबार झाला, त्यात विद्यार्थी गेले. तिथल्या चळवळीचे पुढारी इंदुलाल याज्ञिक, आणि ते गिरणी कामगारांतही काम करायचे. म्हणजे दिनविशेष, तुमचा प्रश्न तुमच्याच अंगावर येतो. मुंबईत कुणालाच हे माहीत नसतं, दरवर्षी मीच सांगतो आणि दरवर्षी पुढच्या मेपर्यंत लोक विसरतात.

वऱ्हाडी:
तुम्ही दोन फितींचं सांगून राहिले, आमच्याकडे १ मेला काळी फीत लावणारेही आहेत. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगानं १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ सुचवला होता. नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, ती गेली, आणि हाती आलं वर्षातून एक हिवाळी अधिवेशन. माझे आजोबा सचिवालयात कारकून होते. १९५६ ला बदली झाली, बिऱ्हाड मोडलं, आजी गावी राहिली ती राहिलीच. महाराष्ट्र दिन की कामगार दिन, हा वाद आमच्या घरी कोणी घातला नाही.

रात्रपाळी:
मी गोदामात कंत्राटावर आहे. कंपनीचं नाव घेत नाही. गेल्या १ मेला सकाळी कामगार दिनाच्या शुभेच्छांचा मेसेज आला, खाली त्याच दिवसाची बारा तासांची ड्यूटी. शिकागोवाले आठ तासांसाठी रस्त्यावर उतरले होते, एवढं मलाही माहीत आहे. तुम्ही शुभेच्छांचं भांडता, मला सुट्टीचं बोलायचंय.

टिळकवाडी:
दिनविशेष, तुमचा १ मे तुम्हाला लखलाभ. मी १ नोव्हेंबर १९५६ वर बोलणार. ती तारीख तुम्ही 'हिशेबाला सोपं' म्हणून टाकलीत ना? त्या दिवशी मुंबई राज्यात मराठवाडा आला, विदर्भ आला, सौराष्ट्र-कच्छ आले, आणि आमचं बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. चंदगड तालुका अलीकडे राहिला, आम्ही पलीकडे. माझी मावशी चंदगडकडे दिलेली, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत यावं एवढंच अंतर. ती १ मेला गोडधोड करते. आमच्या घरी १ नोव्हेंबरला चूल उशिरा पेटायची.

त्याच दिवशी आमच्या शहरात राज्योत्सव असतो. लाल-पिवळे झेंडे, चन्नम्मा चौकात गर्दी, रात्रीपर्यंत गाणी. सकाळी आमची काळ्या दिनाची फेरी निघते, मधे पोलीस. मी सातवीत होतो. दंडाला काळी फीत बांधून बाबांबरोबर फेरीत गेलो. घराच्या वळणावर माझा कानडी मित्र उभा होता, शाळेत वाटलेले पेढे घेऊन. माझा पेढा त्यानं मुठीत धरून ठेवला होता, पार चेपला होता. मी तो घेतला. बाबा बघत होते, काही बोलले नाहीत. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि ते माझ्यामुळे की आणखी कशामुळे हे मी त्यांना कधीच विचारलं नाही.

दिनविशेष:
प्रत्येक धाग्यात बेळगाव आणायलाच हवं का? विषय १ मे आहे.

टिळकवाडी:
तारीख तुम्ही आणलीत, मी नाही! पुण्यात बसून 'विषय नाही' म्हणणं सोपं असतं. १९६७ ला महाजन आयोगानं बेळगाव नाकारलं, २००४ ला महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. बाबा त्या निकालाची वाट बघत गेले. आणि तुम्हाला ती तारीख दाखल्यापुरती हवी.

रावपुरा:
दिनविशेष, इथं टिळकवाडींचं बरोबर आहे. पण टिळकवाडी, त्या मित्रालाही त्याचं राज्य त्याच दिवशी मिळालं होतं. कानडी मुलूख मुंबई, हैदराबाद, म्हैसूर, मद्रास, कुर्ग असा विखुरलेला होता. त्याच्या घरी तो आनंदाचाच दिवस.

टिळकवाडी:
माहीत आहे. म्हणून तर पेढा घेतला. पण हे मला बडोद्याहून कुणी समजावू नये.

वऱ्हाडी:
म्हणजे बेळगावला यायचं आहे आणि जमत नाही, आम्हाला जायचं आहे आणि जमत नाही. तुमचं दुःख मान्य, पण मग आमच्या काळ्या फितीला फुटीर म्हणणं बंद करा.

काळाचौकी:
वऱ्हाडी, मी याच ठिकाणी ते म्हणाले होते, दोन वर्षांपूर्वी. चूक झाली. विदर्भ वेगळा व्हावा असं मला आजही वाटत नाही, पण तो शब्द चुकला.

दिनविशेष:
ठीक आहे. १ नोव्हेंबर मी हिशेबाचा दाखला म्हणून लिहायला नको होता. ती ओळ काढली. शिल्पातली जोडीही मान्य, 'शेपटी' हा शब्द मागे घेतो. पण १ मे कामगारांसाठी निवडला याचा कागद कुणीही दाखवलेला नाही. तो दाखवा, पहिला मी मान्य करीन. तोपर्यंत माझ्या शुभेच्छा महाराष्ट्र दिनाच्याच.

रात्रपाळी:
आणि सुट्टीचं?

काळाचौकी:
सुट्टीचं खरं, भाऊ. १ मे ही भरपगारी सुट्टी आहे, आणि त्या दिवशी कामाला बोलावलं तर त्याचा जादा मोबदला द्यावा लागतो. गोदाम आणि कंत्राटदार कुठले ते मला खासगीत कळवा. आमच्या जुन्या युनियनमधले एक काका अजून कामगार आयुक्तांकडे अर्ज लिहून देतात, त्यांच्याशी गाठ घालून देते.

दिनविशेष, कागद माझ्याकडे नाही. दोन फिती आहेत, आईच्या पत्र्याच्या डब्यात. टाचणीला गंज चढलाय, त्याचा डाग दोन्हींवर उतरलाय.

टिळकवाडी:
ताई, आमची फीत अजून डब्यात गेलेली नाही. यंदाही १ नोव्हेंबरच्या फेरीला सायकल काढणार, गुडघ्यानं साथ दिली तर.