पिस्टनच्या रिंगा घरी बदलाव्यात का?

कोपरीकर
ज्याला पाना-पक्कड धरता येते आणि घाई नाही, त्याने जुन्या पेट्रोल गाडीच्या रिंगा स्वतः बदलाव्यात, असं माझं ठाम मत आहे. आमची मारुती ८०० ऑइल खाते, चढावर निळा धूर सोडते, पिकअप गेलाय. गॅरेजमध्ये विचारलं तर बॉनेट उघडायच्या आत उत्तर मिळतं, ‘हाफ इंजिन करावं लागेल’, म्हणजे इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलायच्या. त्यात काय काय बदलणार आणि जुना माल परत देणार का, हे कोणी लिहून देत नाही. अरे, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे! वरून हेड उतरवायचं, खालून ऑइलचा चेंबर सोडवायचा, कनेक्टिंग रॉडच्या कॅप काढल्या की पिस्टन वरून बाहेर. प्रत्येकावर तीन रिंगा, वरच्या दोन कॉम्प्रेशनच्या म्हणजे दाब धरणाऱ्या, खालची ऑइल अडवणारी. एवढंच.

वागळेचा टर्नर
एवढंच नाही, दादा. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बोअरिंगच्या मशीनवर काम करतो. रिंग झिजते तसा बोअरही, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची आतली भिंत, झिजतो, आणि सगळीकडे सारखा नाही. रिंग वर जाऊन जिथून परत फिरते तिथे सगळ्यात जास्त. म्हणजे खाली गोल आणि वर लंबगोल. त्यात नवी गोल रिंग टाकली तर ती भिंतीला पूर्ण टेकणारच नाही. ऑइल पुन्हा जळणार आणि गॅस्केट, सील, मेहनत सगळं वाया. शिवाय वरच्या टोकाला झिजेची कड उभी राहिली असेल, तर नव्या रिंगची धारदार कोर तिच्यावर आपटून रिंग तुटते. लोक पॉलिश पेपर घासून रिंगा चढवतात आणि मग ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, आमच्याकडे आणतात. बोअर गेजने, म्हणजे आतला व्यास मोजायच्या मापकाने, मोजल्याशिवाय रिंगांचा सेट विकतसुद्धा घेऊ नये. झीज मर्यादेबाहेर असेल तर बोअर मोठा करून ओव्हरसाइझ, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टन टाकावे लागतात, आणि त्यासाठी ब्लॉक खाली उतरवावाच लागतो. ते पार्किंगमध्ये होत नाही.

नेरूळवाली
त्याही आधी एक विचारते. रिंगाच गेल्या आहेत हे ठरवलं कोणी? सकाळी पहिल्या स्टार्टला किंवा उतारावर पाय काढून पुन्हा रेस दिली की धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे सील गेलेले असतात. ते काम खूप लहान. तुमचा धूर चढावर, जोर पडल्यावर येतो, म्हणून संशय रिंगांवर जातो हे मान्य. पण कॉम्प्रेशन मोजा, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून, स्टार्टर मारून सिलिंडरमधला दाब बघा. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इग्निशन बंद केलेलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा बघा. आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा बोअर, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. ही परीक्षा घरी होते आणि प्रत्येकाने ती स्वतः करावी. गॅरेजवाल्याशी बोलताना हातात आकडा असला की बोलणंच बदलतं.

कोपरीकर
परीक्षा करतो. बोअर गेजचंही मान्य. मोजायला जाणकार बोलावीन. पण मापात बसलं तर पुढचं काम घरीच. रिंग बोअरमध्ये ठेवायची, पिस्टनने सरळ ढकलायची, दोन टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, बघायची. फट कमी पडली तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडून बोअर ओरबाडतात, हे मलाही ठाऊक आहे. तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, खुणेची बाजू वर ठेवायची. जो वाचून, मोजून करतो त्याला जमतं.

घोडबंदर रोड, सोसायटी सदस्य
कामाचं मला कळत नाही, जागेचं कळतं. स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग सगळ्यांचं आहे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली झोपलेला माणूस, उघड्या डब्यात पेट्रोल, शेजारी खेळणारी मुलं. आणि काढलेलं काळं ऑइल जातं कुठे? गटारातून खाडीत. ठाण्याच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, आणि आपण तिथे जळकं ऑइल सोडणार? आमच्या सोसायटीत मी याला विरोधच करीन.

कोपरीकर
ऑइल कॅनमध्ये भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्यायला हवं, गाडी जॅकस्टँडवरच हवी. त्यात वाद नाही. पण हाच प्रश्न रस्त्याकडेच्या गॅरेजलाही विचारा.

वागळेचा टर्नर
पावसाळ्यात तर अजिबात हात घालू नका. होन केलेला, म्हणजे आतून बारीक घासून तयार केलेला, बिडाचा बोअर आपल्याकडच्या दमट हवेत कोरडा राहिला तर काही तासांत गंज धरतो. होनची पूड साबणाच्या पाण्याने धुवायची, पांढरं फडकं पांढरंच निघेपर्यंत पुसायचं आणि लगेच ऑइल लावायचं. अर्धं काम उघडं टाकून पुढच्या रविवारची वाट बघणाऱ्यांचं हे काम नाही. रॉडचा एक बोल्ट कमी आवळला गेला आणि पूर्व द्रुतगती मार्गावर सुटला, तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. मग इंजिन भंगारात.

कोपरीकर
म्हणूनच टॉर्क पाना, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा. आवळताना तो वापरणारं गॅरेज ठाण्यात मला दाखवा, मी गाडी आनंदाने तिथे नेईन.

नेरूळवाली
गॅरेज नंतर शोधा. आधी तिन्ही सिलिंडरचे आकडे इथे टाका, कोरडे आणि ऑइल टाकल्यानंतरचे.