शेड्यूल रोज बदलतंय, माल प्लेटिंगला अडकतोय, अजून एक सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ) घेऊ का?

भोसरी_टर्निंग
नमस्कार मंडळी, भोसरीत छोटं युनिट आहे आमचं, बुश आणि पिना (गाडीचे छोटे गोल पार्ट) करतो, माल चाकणला एका टियर वनला (गाडी कंपनीला थेट पार्ट देणाऱ्या कंपनीला) जातो. सोमवारी आठवड्याचं शेड्यूल येतं आणि मंगळवारी दुपारी त्यांच्या पीपीसीचा (प्रॉडक्शन प्लॅनिंगवाल्यांचा) फोन, हा पार्ट थांबवा तो उद्या फर्स्ट शिफ्टला पाहिजे. बरं जो पाहिजे तो नेमका झिंक प्लेटिंगला (जस्ताचा थर द्यायला बाहेर) पडलेला, आणि तिथून एकच उत्तर, "उद्या देतो साहेब". मग छोटा हत्ती अर्धा रिकामा पळवा, लाईन थांबली की डेबिट नोट (बिलातून नुकसानीची कपात) आहेच. बँक लोन देतेय, मशीन वाढवू का?

पीपीसीवाला
ते फोन करणाऱ्यांतलाच मी एक 😄 मशीन अजिबात घेऊ नका. आधी प्लेटिंगवाल्याकडे तुमचे किती नग पडलेत ते जाऊन मोजा. समजा १२,००० पडलेत आणि तो रोज ३,००० काढतो, म्हणजे आज टाकलेला नग ४ दिवसांनी बाहेर येणार, तुम्ही टर्निंग (लेथवरचं काम) कितीही फास्ट करा. नवीन मशीनने फक्त त्याच्या दारातला ढीग वाढेल. उलट सेटिंग (पार्ट बदलताना मशीन परत जुळवणं) वाचवायला एकच पार्ट दोन-दोन दिवस चालवताय ना, ते बंद करा. बॅरल (प्लेटिंगचा फिरता ड्रम) भरेल एवढाच लॉट रोज पाठवायचा आणि आधी काय काढायचं ते तुम्ही ठरवायचं, त्याने नाही. आणि चलनावर किलोसोबत नग लिहा, त्याचा रेट किलोवर असतो म्हणून तो नग मोजतच नाही.

क्वालिटीवाली
पिना हार्डन (तापवून कडक) केलेल्या आहेत का? असतील तर प्लेटिंगनंतर बेकिंग लागतं, साधारण १९० ते २२० डिग्रीला काही तास, आणि प्लेटिंग झाल्यावर ४ तासांच्या आत भट्टीत गेल्या पाहिजेत, नाहीतर हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊन पिन नंतर लोडवर तुटते. तुम्ही "लवकर दे, लवकर दे" करून मागे लागलात की तो पहिली काट इथेच मारतो, वरून बघून काही कळत नाही. त्यामुळे साधा बुश आणि पिन यांचा लीड टाईम (माल टाकल्यापासून मिळेपर्यंतचा वेळ) एकच धरू नका, आणि प्रत्येक लॉटसोबत भट्टीचा चार्ट (तापमान आणि वेळेची नोंद) मागा.

भोसरी_टर्निंग
पिना हार्डनच आहेत, चार्ट कधी मागितला नाही. पण गुरुवारचं काय करू? आमची आणि प्लेटिंगची सुट्टी गुरुवारी, टियर वनची लाईन चालू.

हिशोबी
गुरुवारपुरता तयार माल ठेवायचा की राव, पण सगळ्या पार्टचा नको, रोज जाणाऱ्या दोन-तीन पार्टचाच. बाकीचा माल टर्निंग करून प्लेटिंगच्या आधी थांबवा, पैसे कमी अडकतात.

पीपीसीवाला
हे पटलं. झिरो स्टॉकचं कौतुक सांगणाऱ्यांना १९९७ आठवत नाही, १ फेब्रुवारीला टोयोटाचा सप्लायर आयसिनच्या जपानमधल्या कारियाच्या प्लांटला आग लागली आणि ब्रेकच्या एका बारक्या व्हॉल्व्हपायी टोयोटाच्या जपानमधल्या बहुतेक लाईनी काही दिवस बंद पडल्या. व्हॉल्व्हचा स्टॉक होता काही तासांचा. बाकीच्या सप्लायरांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह काढून दिला म्हणून सावरले. तुमचं पण तेच, एकाच प्लेटिंगवाल्यावर सगळं लटकलंय. दुसरा शोधा, आणि आत्ताच पीपॅप (पार्टला कस्टमरची मंजुरी) करून घ्या, घाई झाली की कस्टमरचं क्वालिटी खातं सही करत नाही.

टेम्पोवाला_एमएच१४
आणि गाडी पहाटे सोडा, उशिरा निघालात की चाकणला तळेगाव चौकात अडकलातच. येताना रिकाम्या बिन (माल भरायचे क्रेट) मोजून घ्या, अर्ध्या वेळा माल तयार असतो आणि भरायला बिनच नसतात.

भोसरी_टर्निंग
बिनचं अगदी खरं आहे, आमच्या निम्म्या त्यांच्याच शेडमध्ये पडून आहेत. लोनची फाईल थांबवतो. दुसरा प्लेटिंगवाला बघतो, पण बेकिंगची भट्टी स्वतःची असलेला भोसरी-कुदळवाडी साईडला कोणी माहितीये का कुणाला?