मालकाची माया आणि कामगाराचा हक्क : ख्रिस्ती कारखानदाराने आधी काय पाहावे?

प्रश्न – जॉबवर्कवाला, उद्यमनगर, कोल्हापूर

सर्वांना सलाम. उद्यमनगरात माझे लहानसे मशिनशॉप आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधून येणाऱ्या कास्टिंगवर टर्निंग-ड्रिलिंगचे जॉबवर्क आम्ही करतो. कामावर चौदा माणसे आहेत आणि त्यांतली काही वडिलांच्या काळापासूनची आहेत. कोणाच्या घरी लग्न निघाले, कोणाला दवाखान्यात दाखल करावे लागले, की बिनव्याजी उचल देण्यात आम्ही कधी हात आखडता घेतलेला नाही. दिवाळीला कपडे आणि नाताळला फराळाचा डबा प्रत्येकाच्या घरी जातो. अलीकडे त्यांच्यापैकी चौघांनी लेखी मागणी केली की ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळावा, ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) लागू करावे आणि दरमहा पगाराची चिठ्ठी द्यावी. नाहीतर आपण युनियनकडे जाऊ, असेही त्यांनी नम्रपणेच सांगितले.

मंडळीतील एका ज्येष्ठ बंधूंचे मत असे की चाकरांनी धन्याच्या आज्ञेत राहावे असे प्रेषित पौलाने बायबलमध्ये लिहिले आहे, तेव्हा हा बंडखोरपणा ख्रिस्ती मालकाने खपवून घेऊ नये. मला ते पूर्णपणे पटत नाही, परंतु एक शंका मात्र जात नाही. प्रीती नियमशास्त्राहून श्रेष्ठ असेल, तर जो मालक मनापासून आणि कित्येकदा कायद्याहून अधिक देतो, त्याने कायद्याचा हिशेबही ठेवलाच पाहिजे का? येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातील (बोधकथेतील) धनीही, जे माझे आहे त्याचे मला हवे तसे करण्याचा अधिकार मला नाही काय, असे विचारतोच. जाणकारांनी शास्त्राच्या आधारे लिहावे.

उत्तर १ – निवृत्त शिक्षिका, न्यू शाहूपुरी

दाखल्यापासूनच सुरुवात करते, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायातील ते एक वाक्य आपल्याकडे मालकांच्या बाजूने फार वेळा वापरले जाते. तो धनी ते वाक्य केव्हा बोलतो, हे पाहावे. संध्याकाळ झाली आहे, कारभाऱ्याला बोलावून मजुरी वाटली गेली आहे आणि पहाटे आलेल्यांना ठरलेला पूर्ण दिवसाचा रोज मिळाला आहे. त्यानंतर, ज्यांना दिवसभर कोणी कामावर घेतले नाही त्यांनाही पोटापुरते मिळावे म्हणून तो पदरचे घालतो, आणि त्याबद्दल कुरकुर झाल्यावर हे उत्तर देतो. म्हणजे त्याची मर्जी चालू होते ती मजुरी चुकती झाल्यावर. मजुरी कमी देऊन किंवा थकवून, उरलेल्यात औदार्य दाखवण्याची मुभा त्या दाखल्यात कोठेही नाही.

जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय सलग वाचावा, ही माझी विनंती आहे. चौदाव्या-पंधराव्या वचनांत आज्ञा आहे की गरीब मजुराला, मग तो आपल्या बांधवांपैकी असो की उपरा, नाडू नये. त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. नाहीतर तो परमेश्वराकडे गाऱ्हाणे करील आणि पाप मालकाच्या माथी येईल. त्याच अध्यायात चारपाच वचने पुढे दुसरी आज्ञा आहे : शेतात विसरलेली पेंढी उपऱ्यासाठी, अनाथासाठी आणि विधवेसाठी तशीच राहू द्यावी. पेंढी ही दया आहे आणि मजुरी हे देणे आहे. दोन्ही आज्ञा देवाच्याच आहेत. परंतु शेतात पेंढ्या सोडल्या म्हणून मजुराचा रोज बुडवता येतो, असे मोशे म्हणत नाही. आपला फराळाचा डबा आणि बिनव्याजी उचल ही पेंढी आहे, दादा. ती चालू ठेवावी. तिने ओव्हरटाइम फिटत नाही.

पौलाविषयी. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दासांना सांगून झाल्यावर नववे वचन धन्यांसाठी आहे : धमकावणे सोडून द्या, कारण त्यांचा आणि तुमचा धनी स्वर्गात एकच आहे आणि त्याच्याजवळ पक्षपात नाही. कलस्सैकरांस पत्रात तर दासांना न्यायाने व समतेने वागवावे असे धन्यांना स्पष्ट बजावले आहे. शिवाय पौल ज्यांना लिहीत होता ते रोमी साम्राज्यातील विकत घेतलेले दास होते; आपला लेथवरचा मिस्त्री हा स्वतंत्र नागरिक आहे आणि त्याने मागितले ते देशाच्या कायद्यात लिहिलेले आहे. अर्धे वचन वाचून त्याला बंडखोर ठरवणे योग्य नव्हे.

यिर्मयाच्या बाविसाव्या अध्यायातील शब्द आणखी कडक आहेत. शेजाऱ्याला मजुरी न देता राबवून ऐसपैस वाडा बांधणाऱ्या यहोयाकीम राजाला संदेष्टा धिक्कारतो, त्याच्या बापाने दीनांचा न्याय केला याची आठवण देतो, आणि मला ओळखणे म्हणजे हेच नव्हे काय, असे परमेश्वराच्या वतीने विचारतो. देवाची ओळख उपासनेच्या बाकावर होते तशी हजेरीच्या मस्टरच्या पानावरही होते, असाच याचा अर्थ मी घेते.

कोल्हापुरात हे सांगताना एक गोष्ट राहू नये. मिशनरी वाइल्डर १८५२ मध्ये या शहरात आले, आणि त्यानंतर ज्या घरांनी ख्रिस्त स्वीकारला त्यांतील अनेक घरे वतनाच्या नावाखाली गावकीची कामे बिनपगारी करणारी होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने खालसा केली, तेव्हा गावाने टाकलेल्या भाकरीवर चोवीस तास राबण्याचे बंधन सैल झाले. भाकर मिळत नव्हती असे नाही. ती हक्काची नव्हती, देणाऱ्याच्या मर्जीची होती. आपल्या पणजोबांनी काय सोसले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तरी या दोहोंतला फरक वेगळा समजावून सांगावा लागू नये.

उत्तर २ – फेटलिंगवाला, शिरोली

मी कामगार आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. फौंड्रीत कास्टिंग थंड झाल्यावर त्याला चिकटलेली वाळू झाडायची, रायझर (ओतताना राहिलेले धातूचे जादा खुंट) तोडायचे आणि ग्राइंडरने कडा घासायच्या, हे आमचे काम. पाळी संपल्यावर नाक शिंकरले तर काळे येते, आणि ग्राइंडर बंद केला तरी हाताचे थरथरणे रात्री ताट ओढेपर्यंत थांबत नाही.

पूर्वी मी ज्या ठिकाणी होतो ते मालक स्वभावाने चांगले होते. माझा हात पट्ट्यात सापडला तेव्हा त्यांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले आणि बिलही भरले. परंतु हात बरा होईपर्यंतचा सगळा रोज बुडाला, किराणा उधारीवर आणावा लागला आणि त्यासाठी त्यांच्याकडूनच उचल घ्यावी लागली. ई.एस.आय. असते तर उपचार मिळालेच असते, शिवाय कामावरच्या इजेमुळे घरी बसावे लागले त्या काळात पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळाली असती आणि कोणापुढे उभे राहावे लागले नसते.

‘घरच्यासारखे’ या व्यवहारात अडचण अशी असते की ज्याने पोरीच्या लग्नाला पैसे दिले, त्याला ‘साहेब, ओव्हरटाइमचे तास चुकले आहेत’ असे म्हणायला तोंड उघडत नाही. उपकार करणारा विसरतो, घेणारा विसरत नाही. आपल्या चौघांनी लेखी मागणी केली याचे आपण वाईट वाटून घेऊ नये. ज्या मालकाची भीती वाटते त्याच्याकडे कोणी सही करून कागद नेत नाही. येशू स्वतः नासरेथात सुतारकाम करीत होता, असे मार्क लिहितो. ठरलेल्या कामाचे पैसे मागताना गिऱ्हाइकाच्या दारात किती वेळ उभे राहावे लागते, हे त्याला कोणी सांगायला नको होते, असे मला नेहमी वाटते.

उत्तर ३ – हिशेबनीस, राजारामपुरी

शास्त्राचे वरील दोघांनी लिहिले आहे. मी फक्त आकडे मांडतो, कारण भीती बहुधा आकड्यांची असते. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्याला ई.एस.आय. लागू होते आणि दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार त्यात येतात. मालकाचा वाटा ३.२५ टक्के व कामगाराचा ०.७५ टक्का. सरासरी १५,००० रुपये पगार धरला तर मालकाला माणशी ४८७ रुपये ५० पैसे, म्हणजे चौदा जणांचे महिन्याला ६,८२५ रुपये पडतात. पी.एफ. वीस माणसांपासून सक्तीचा आहे, त्यामुळे आपल्याकडे तो ऐच्छिक राहील. ग्रॅच्युइटीचा विषय मागणीत नाही, पण दहा माणसांपासून तीही लागू होते. शेवटचा पगार १५,००० असलेला आणि वीस वर्षे काम केलेला मिस्त्री निवृत्त झाला, तर त्याला दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, सुमारे १ लाख ७३ हजार रुपये देय होतात. वडिलांच्या काळापासूनच्या माणसांसाठी ही तरतूद आजपासून बाजूला काढावी.

आता आपल्या बाजूचेही एक बोलतो. ज्या मोठ्या कंपन्यांचे काम आपण करता त्या बिले तीन-तीन महिने अडकवतात, हे साऱ्या उद्यमनगराला माहीत आहे. लघुउद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि २०२४-२५ या आकारणी वर्षापासून वेळेत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात मिळत नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे म्हटले आहे. ती ओरड लेथवाल्यापाशी थांबत नाही, तर त्याचे बिल दाबून ठेवणाऱ्या खरेदी विभागापर्यंत जाते. त्या विभागात बसणारे काही जण रविवारी आपल्याच शेजारी प्रार्थनेला बसतात. त्यांना कोणी वचन वाचून दाखवल्याचे मात्र मी ऐकलेले नाही.

प्रश्नकर्ता

आभार. ई.एस.आय.ची नोंदणी करायला सांगितले आहे, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने देण्यासही माझी हरकत राहिलेली नाही. परंतु युनियनचे काय? भांडणातून काही मिळवणे ख्रिस्ताच्या शिकवणीत बसते का?

उत्तर ४ – इचलकरंजीकर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे या विषयावर आमच्याकडे लिहिलेले बरेच आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. त्यात समाजवादाला विरोध आणि खासगी मालमत्तेचे समर्थन आहे, म्हणून आपण घाबरू नये. परंतु त्याच परिपत्रकात असेही म्हटले आहे की माणसांना संघ करण्याचा हक्क निसर्गतःच आहे आणि राज्यसंस्थेने तो सरसकट नाकारू नये. वेतनाबद्दल त्यांचे म्हणणे मला अधिक मोलाचे वाटते : गरजेपोटी किंवा याहून वाईट होईल या भीतीपोटी कामगाराने तुटपुंजे वेतन कबूल केले, तर दोघांच्या संमतीने झालेला तो करारही अन्यायाचाच असतो. आमच्या गावी बारा तासांच्या पाळीत मीटरवर मजुरी घेऊन यंत्रमाग चालवणाऱ्याने ‘कबूल आहे’ म्हटले म्हणजे नेमके काय म्हटले, हे त्यावरून उमगते. पुढे १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रम हा भांडवलाच्या आधी येतो असे मांडले, कामगार संघटनांना समाजजीवनाचा अपरिहार्य घटक म्हटले आणि संपालाही, मर्यादा घालून, न्याय्य साधन मानले.

प्रॉटेस्टंट बांधवांनी हे रोमचे म्हणून बाजूला ठेवू नये. इंग्लंडमधील टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना घटत्या मजुरीविरुद्ध संघ काढला म्हणून, गुप्त शपथेचे निमित्त करून, १८३४ मध्ये सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट प्रवचनकार होता आणि बाकीच्यांपैकी बहुतेक जण त्याच पंथाचे होते. लोकांनी मोठा गदारोळ केल्यामुळे १८३६ मध्ये त्यांना माफी मिळाली.

संघटनेतही अहंकार आणि पुढाऱ्यांचा स्वार्थ शिरतो. ते मी नाकारत नाही. पण तेवढ्यावरून संघटनाच अधार्मिक ठरत असेल, तर मालकांच्या असोसिएशनचे सभासदत्वही सोडावे लागेल.

प्रश्नकर्ता

शेवटची एक व्यावहारिक शंका. काहींच्या अंगावर उचलीची मोठी रक्कम आहे. मागील ओव्हरटाइमचा फरक देताना तो उचलीत वळता करून घेतला तर चालेल ना?

उत्तर – निवृत्त शिक्षिका, न्यू शाहूपुरी

वळता करू नये. त्याच चोविसाव्या अध्यायाचे सहावे वचन पाहावे : जाते किंवा जात्याची वरची तळी कोणी गहाण ठेवून घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. कर्ज वसूल करण्याचा आपला अधिकार शास्त्र नाकारत नाही. ज्यावर त्याची रोजची भाकरी होते त्याला मात्र हात लावू देत नाही. ऊसतोडीत काय होते ते आपण दर हंगामात पाहतो : मुकादमाकडून घेतलेली उचल कोयत्याच्या मजुरीतून फिटत जाते, हिशेब मुकादमाच्या वहीत राहतो, आणि बीडहून आलेले जोडपे पाडव्याला गावी परतते ते बहुधा पुढच्या हंगामाची बांधिलकी घेऊनच.

म्हणून दोन वह्या वेगळ्या असाव्यात. ओव्हरटाइमचा फरक पूर्ण द्यावा आणि त्याची पावती घ्यावी. उचलीचा हप्ता कामगाराशी बोलून, त्याला झेपेल एवढाच ठरवावा, दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि पगाराच्या चिठ्ठीवर तो वेगळ्या ओळीत दाखवावा. कोणी काम सोडून जायचे म्हणाला, तर उचल बाकी आहे म्हणून त्याला अडवू नये.

उत्तर – हिशेबनीस, राजारामपुरी

बाईंच्या म्हणण्याला कायद्याचाही आधार आहे. उचलीपायी माणसाला कामावर बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. चिठ्ठीचा नमुना हवा असल्यास मी पाठवतो. त्यात मूळ वेतन, महागाई भत्ता, ओव्हरटाइमचे तास व दर, ई.एस.आय. कपात आणि उचलीचा हप्ता असे रकाने आहेत. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत झाला पाहिजे, एवढे मात्र पाहावे.